कुकआउटला, म्हणजे बाहेर ग्रिलवर भाजून खायच्या सहलीला, हॉट डॉग किती घ्यायचे?

मोठ्या माणसाला दोन आणि लहान मुलाला एक, असं धर. तीस मोठे आणि बारा मुलं असतील तर बहात्तर होतात, म्हणून ऐंशी आण. अमेरिकेत सॉसेजचं पाकीट बहुधा दहाचं असतं आणि बनचं आठाचं, त्यामुळे सॉसेजची आठ आणि बनची दहा पाकिटं घेतलीस की हिशेब बरोबर जुळतो. पाकिटावरचा आकडा मात्र दुकानातच वाचून घे.

आपल्या मंडळींची सहल असेल तर खरी गोम पुढेच आहे. शाकाहारी किती, बीफ-पोर्क न खाणारे किती, हे आधीच विचार. चिकनचे सॉसेज वेगळे घे. शाकाहारी सॉसेज थोडे जास्तच आण, कारण मांसाहारीही "चव बघू" म्हणत ते उचलतात! शाकाहारी मंडळींसाठी ग्रिल आणि चिमटाही वेगळा ठेव.

मक्याची कणसं, कलिंगड असेल तर मुलं दुसरा हॉट डॉग मागतच नाहीत. केचप, मस्टर्ड, चिरलेला कांदा हवाच. हिरवी मिरची मी तरी नेतेच.

सगळं एकदम भाजू नकोस. उरलेलं बंद पाकीट बर्फात राहिलं तर घरी नेता येतं, भाजलेलं मात्र दोन तासांवर बाहेर ठेवू नये. नव्वद फॅरनहाइटच्या वर ऊन असेल तर एकच तास.