खोलीत दणदणणारा सबवूफर गच्चीवर नेला की त्याचा बेस कुठे जातो?

तुमचा सबवूफर, म्हणजे बेसचा (खालच्या सुरांचा) बॉक्स, बिघडलेला नाही, आधी ती काळजी सोडा. तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरातल्या घरी १२ बाय १० च्या खोलीत सबवूफर मांडणीवरची भांडी वाजवतो, आणि तोच हळदीला गच्चीवर नेला तर नुसता टप टप आवाज आला. मी इथं सोलापुरातच लग्नकार्याला आणि गणपतीला साऊंड लावतो. हा प्रश्न दर सीझनला कुणी ना कुणी विचारतंच. खोलीत तुम्हाला जो बेस ऐकू येतो, त्यात खोलीचा वाटा फार मोठा असतो. गच्चीवर तुम्ही पहिल्यांदा एकट्या बॉक्सचा आवाज ऐकलात.

बेसची लाट लांबलचक असते. ४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांची लाट साधारण साडेआठ मीटरची, म्हणजे २८ फुटांची. तुमची खोली तिच्या निम्मीसुद्धा नाही. विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब बेस फारसा शोषत नाहीत, त्यामुळे लाट आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळते. १२ फुटांवर समोरासमोर असलेल्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर बरोबर बसतो, १० फुटांवरच्या भिंतींमध्ये ५७ च्या आसपासचा. हे सूर खोली फुगवते, आणि वाजायचे थांबल्यावरही थोडा वेळ घुमवत ठेवते. डग्ग्याची एक थाप दुसरीत मिसळते ती त्यामुळेच.

हे करून बघाच. मोबाईलवर टोन जनरेटर, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं ॲप घ्या, सबवूफर आखूड भिंतीशी कोपऱ्यात ठेवा, ४७ चा सूर बारीक आवाजात लावा आणि त्या भिंतीपासून समोरच्या भिंतीकडे सावकाश चालत जा. भिंतीशी सूर छातीत भरेल. खोलीच्या मध्यावर आलात की तो इतका बारीक होईल की कुणी बटण फिरवलं असं वाटावं. पलीकडच्या भिंतीशी पुन्हा भरून येईल. म्हणून घरात बेस कमी किंवा जास्त वाटला तर आधी बसायची जागा बदला, मग बॉक्सची, बटणाला हात शेवटी. भिंतीवर सोलापुरी चादर किंवा अंड्यांचे ट्रे लावून हा घुमारा जात नाही. त्यानं वरच्या पट्टीचा आवाज तेवढा मऊ होतो. ४० हर्ट्झची लाट नुसत्या कापडा-फोमनं नीट शोषायची तर थर दोन मीटरच्या आसपास हवा, आणि मग खोलीच उरणार नाही.

उघड्यावर परत पाठवणारं काहीच नसतं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे बॉक्सपासून ५ मीटरवर जो बेस आहे, तो ४० मीटरवर १८ डेसिबलनं कमी. तेवढा भरून काढायचा तर ६४ पट वॉट लागतात. होम मैदानासारख्या मोकळ्या जागेवर बेसच्या बॉक्सची भिंत रचावी लागते ती याच कारणानं. लोक इथं बेसचं बटण पूर्ण फिरवतात, ते मात्र कृपा करून करू नका. १२ डेसिबल बूस्ट म्हणजे १६ पट पॉवर मागणं. ॲम्प्लिफायर क्लिप होतो, म्हणजे झेपेनासं होऊन लाटेचे शेंडे कापतो, आणि शेवटी स्पीकरची कॉईल जळते.

त्यापेक्षा जागा साधा. बॉक्स टेबलावर नको, सरळ स्लॅबवर ठेवा. गच्चीवर जिन्याची खोली असेल तर तिच्या भिंतीला चिकटवून ठेवा. ती भिंत लाटेच्या मानानं लहान आहे, पण काही मदत नक्की होईल. दोन बॉक्स असतील तर ते एकमेकांना खेटून ठेवा. स्टेजच्या दोन टोकांना एकेक ठेवायची पद्धत दिसायला छान, पण बेसला वाईट: मधोमध उभ्या माणसाला दणका बसतो, आणि जिथं एका बॉक्सचं अंतर दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटर जास्त भरतं तिथं ५० हर्ट्झ बराचसा कटतो. शेजारी ठेवूनही आवाज पातळ वाटला तर लाल-काळी वायर तपासा. एका बॉक्सची उलटी लागली असेल तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांची मेहनत वाया.

शेजाऱ्यांचंही बघा, हे मी मनापासून सांगतोय. दिवसा आपल्याकडे जमीन तापलेली असते, तेव्हा आवाज वर वळून निघून जातो. रात्री जमीन निवते, वर तुलनेनं उबदार हवा राहते, आणि आवाज खाली वळून लांबवर पोचतो. त्यात बेस भिंतीतून सहज पार होतो, म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गाणं कळत नाही पण धुम धुम मात्र कळते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे, पण ती मोजायच्या ‘ए’ पट्टीत (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरणाऱ्या मोजमापात) ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलनं कमी धरला जातो. मीटर ठीक दाखवत असला तरी पलीकडच्या घरात खिडकीचं तावदान थरथरत असू शकतं. हळदीला बॉक्स लावाल तेव्हा एकदा खाली उतरून शेजारच्या दारात उभे राहून ऐका आणि आवाज तिथून ठरवा.