‘मोहोरबंद भ्रंश’ की ‘रोधक भ्रंश’?

भूविज्ञानावरील मजकुराचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकांनी तेलसाठ्याच्या संगणकीय प्रतिरूपाविषयीचे एक वाक्य पाठवले आहे: ‘मोहोरबंद भ्रंशाचा पारगम्यता गुणक शून्य असतो.’ ‘सीलिंग फॉल्ट’ आणि ‘ट्रान्समिसिबिलिटी मल्टिप्लायर’ या संज्ञांसाठी योजलेले हे शब्द योग्य आहेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते ‘भ्रंश’ आणि ‘गुणक’ ठेवावेत, बाकीचे दोन्ही शब्द बदलावेत.

‘भ्रंश’ तर आग्रहाने ठेवावा. प्रस्तरभंग आणि विभंग हे शब्दही मराठीत रूढ आहेत, पण त्यांत केवळ मोडणे आहे. ‘भ्रंश्’ या धातूत जागेवरून ढळणे, खाली घसरणे आहे, आणि साध्या तड्यापासून भ्रंश वेगळा ठरतो तो नेमका याच कारणाने, की त्याच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकलेले असतात.

‘मोहोरबंद’ची अडचण व्याकरणातच आहे. लखोटा मोहोरबंद असतो, म्हणजे कोणीतरी तो बंद केलेला असतो. भ्रंश मात्र तेलाची आणि पाण्याची वाट स्वतः अडवतो. येथे कर्मणी नव्हे, तर कर्तरी अर्थाचे विशेषण हवे, म्हणून ‘रोधक’. रस्त्यावरच्या गतिरोधकामुळे हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि गतिरोधक वाहन थांबवतोच असे नाही, वेग कमी करतो, ही छटाही येथे उपयोगाची आहे, कारण बहुतेक भ्रंशांची गत तशीच असते. म्हणून काटेकोर लेखनात पूर्णरोधक आणि अंशरोधक असा भेद करावा. जो गळू देतो, त्याला ‘पाझरता भ्रंश’ म्हणावे. पाझर तलाव माहीत असलेल्या वाचकाला अर्थ सांगावा लागणार नाही.

हा रोध मुख्यतः दोन प्रकारे घडतो. थर सरकल्यामुळे वालुकाश्मासमोर शेलचा, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या दाट खडकाचा, थर येऊन उभा राहतो, हा एक प्रकार. दुसऱ्यात दोन्हीकडे वालुकाश्मच असतो, पण सरकताना मधल्या शेलमधली चिकणमाती भ्रंशाच्या पृष्ठावर ओढली जाऊन पसरते. इंग्रजीत याला ‘क्ले स्मिअर’ म्हणतात. आपल्याकडे ‘सारवण’ हा शब्द यासाठी जणू तयारच आहे. उत्तर समुद्रातल्या ब्रेंट वालुकाश्मांसारख्या, वाळू आणि शेल आलटून पालटून असलेल्या थरांत हा विचार फार महत्त्वाचा ठरतो. यील्डिंग, फ्रीमन आणि नीडहॅम यांनी १९९७ साली मांडलेल्या ‘शेल गूज रेशो’त, भ्रंशावरच्या एखाद्या बिंदूपासून सरकून गेलेल्या थरांत चिकणमातीचा वाटा किती, हे मोजतात, साधारण १५ ते २० टक्क्यांच्या पुढे रोध जाणवू लागतो असे धरले जाते.

आता ‘पारगम्यता गुणक’. पारगम्यता, म्हणजे द्रव आपल्यातून जाऊ देण्याची क्षमता, हा खडकाचा गुण आहे आणि ती डार्सी या एककात मोजतात. प्रतिरूपात मात्र साठ्याचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात, आणि शेजारच्या दोन कप्प्यांमधून प्रवाह किती सहज जाईल हे पारगम्यतेबरोबरच कप्प्यांच्या केंद्रांमधले अंतर आणि सामाईक पृष्ठाचे क्षेत्रफळ यांवरही अवलंबून असते. ही कप्प्यांच्या जोडीची ‘वहनक्षमता’ होय. ‘वाहकता’ नको, कारण तो शब्द वीज आणि उष्णता यांच्यासाठी रुळलेला आहे.

दोन्हींना एकच शब्द वापरला, तर काय बिघडते ते पाहा. दोन कप्प्यांच्या केंद्रांत १०० मीटर अंतर आहे, खडकाची पारगम्यता १०० मिलिडार्सी आहे आणि मध्ये १ मीटर जाडीचा, ०.१ मिलिडार्सीचा भ्रंशपट्टा आहे. पट्ट्याची पारगम्यता खडकाच्या हजारपट कमी. पण अंतराला पारगम्यतेने भागून रोध काढला, तर भ्रंश नसताना तो १ येतो आणि भ्रंशासह ०.९९ अधिक १०, म्हणजे १०.९९. भ्रंशामुळे वहनक्षमतेला ज्या संख्येने गुणायचे तो गुणक, म्हणजे १ भागिले १०.९९, झाला सुमारे ०.०९. एक घट हजारपट, दुसरी अकरापट. ‘पारगम्यता गुणक’ वाचणारा या दोन घटींची हमखास गल्लत करील.

जाता जाता, याच मजकुरात ‘रिझर्व्हॉयर’साठी कुठे ‘जलाशय’ आला असेल, तर तोही काढावा. येथे तेल खडकाच्या छिद्रांत असते, तेव्हा ‘तेलसाठा’ किंवा नुसता ‘साठा’ पुरे. आपले वाक्य मग असे होईल: ‘पूर्णरोधक भ्रंशाचा वहनक्षमता गुणक शून्य धरतात.’ ‘असतो’च्या जागी ‘धरतात’ मुद्दाम केले आहे, कारण हा गुणक प्रतिरूप रचणारा ठरवतो आणि विहिरींतला दाब त्याच्याशी जुळला नाही, तर तो बदलतोही.