बॉनेटची फट एका बाजूला जास्त आहे, म्हणजे गाडी ठोकलेली आहे का?

तुम्ही जुनी निसान ३७०झेड, म्हणजे दोन दारांची स्पोर्ट्स कूपे, बघून आलात. बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांमधली फट डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. वर चुंबकही चिकटलं नाही, म्हणून सोबतचा मित्र म्हणाला, "पोचा लपवायला आत पुट्टी भरलीय."

चुंबकाचं आधी मिटवू. या गाडीचं बॉनेट आणि दारं अ‍ॅल्युमिनियमची आहेत, तिथे चुंबक चिकटणारच नाही. पुट्टी शोधायची तर रंगाची जाडी मोजणारं मीटर लागेल, तेही अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं.

आता फट. नुसती कमीजास्त आहे म्हणून घाबरू नका, तिचा आकार बघा. बाद झालेली सात-आठ एटीएम कार्डं घेऊन जा. एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. हेडलाइटपाशी, मध्यावर आणि काचेपाशी किती कार्डं बसतात ते दोन्ही बाजूंना मोजा. डावीकडे तिन्ही ठिकाणी सात आणि उजवीकडे तिन्ही ठिकाणी चार बसली, तर बॉनेट नुसतं बाजूला सरकलंय. डावी फट पुढे रुंद होत गेलीय आणि उजवी तेवढीच अरुंद, तर ते तिरकं बसलंय. हे दोन्ही पान्याचं काम. पण दोन्ही फटी पुढे निमुळत्या होत असतील, तर फेंडर आत दाबले गेलेत, आणि तिथे मी सावध होईन. मग बॉनेट उघडून पुढच्या अ‍ॅप्रनचे (फेंडरच्या आतल्या बाजूचा वेल्ड केलेला पत्रा) वेल्डचे ठिपके आणि सीलंट दोन्ही बाजूंना सारखं आहे का ते बघा. फेंडरच्या बोल्टचा रंग उडालेला असेल तर फेंडर कधीतरी काढलाय एवढंच कळतं, नुसता घासला गेला तरीही फेंडर बदलतात.

जुळवायची वेळ आली तर सुरुवात बॉनेटपासून करू नका, अनेक जण इथेच चुकतात. आधी दार, मग दाराला धरून फेंडर, मग फेंडरला धरून बॉनेट. स्पोर्ट्स कूपेची दारं लांब आणि जड, बिजागरी झिजली की मागून खाली येतात. तसल्या दाराला धरून बाकीचं जुळवलं तर सगळंच बिघडतं. बॉनेटच्या बिजागरीतली बोल्टची भोकं मोठी असतात, तेवढ्यात ते सरकवायचं. पुढची उंची रबरी गुट्ट्या फिरवून, आणि लॉक अगदी शेवटी.

(१९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचं अख्खं नाक म्हणजेच बॉनेट, तेही पुढच्या बिजागरीवर उघडणारं. बिजागरीपाशी केसाएवढा फरक, की मागे दारापाशी तो चांगला दिसतो. तिच्या मिस्त्रींना माझा नमस्कार.)

माझ्या गाडीवर मी एकदा चारही बोल्ट एकदम ढिले केले आणि "बसतंय का बघू" म्हणून बॉनेट खाली घेतलं. ते मागे सरकलं आणि कोपरा थेट फेंडरवर. टिकलीएवढा रंग उडाला, पेंटरने पूर्ण फेंडरचे पैसे घेतले. तेव्हापासून मी आधी बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारतो, कोपऱ्यांना मास्किंग टेपचे तीन थर लावतो, आणि एका बाजूचा एकच बोल्ट पूर्ण ढिला करतो. दुसऱ्या बाजूला कोणीतरी धरायला हवंच.

अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट तळव्याने दाबून बंद करू नका, पोचा पडतो. वीतभर उंचीवरून सोडून द्या.