वसतिगृहाचा प्रश्न सव्वा लाखाचा, पॉलिसीचा तीन लाखांचा

काणकोणहून एका ४७ वर्षांच्या भगिनीने पत्र पाठवले आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षे नोकरी केल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, १८ लाख रुपये हाती आले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावे म्हणून त्यांनी गोवा विद्यापीठात मराठीच्या एम. ए.ला प्रवेश घेतला. ताळगाव पठारावरील वसतिगृहात राहावे, की सांताक्रूझला खोली घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्याच हिशेबाने वसतिगृह व मेस मिळून महिन्याला ८ हजार, तर खोली व जेवण मिळून १४ हजार रुपये लागतील. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘बाकी पैशांची चिंता नाही, बँकेतल्या साहेबांनी तीन लाख एफडीसारख्याच योजनेत घातले आहेत.’ सोबत त्या योजनेच्या प्रस्ताव अर्जाची छायाप्रत आहे.

ताई, वर्षाचे दहा महिने धरले तर वसतिगृह आणि खोली यांतला फरक दोन वर्षांत सव्वा लाखाच्या आत राहतो. रोज मडगावला बस बदलून एका बाजूने सत्तरेक किलोमीटर प्रवास करण्यापेक्षा दोन्ही पर्याय बरे आहेत. त्याकडे शेवटी वळतो, कारण ती छायाप्रत पाहून मला राहवले नाही.

ती एफडी नाही. ती विमा पॉलिसी आहे आणि तीन लाख ही ठेव नसून पहिला हप्ता आहे. अर्जाच्या दुसऱ्या पानावर ‘हप्ता भरण्याचा कालावधी ७ वर्षे’ असे छापलेले आहे. म्हणजे एकूण २१ लाख भरायचे, तुमच्या सगळ्या पुंजीपेक्षा तीन लाख जास्त, आणि दुसरा हप्ता येईल तेव्हा तुम्ही विद्यार्थिनी असाल. व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ आणि उत्पन्न ६ लाख असे दुसऱ्याच्या अक्षरात लिहिले आहे, त्याखाली सही मात्र तुमची आहे. जिला पगार नाही हे ठाऊक आहे, तिच्या अर्जावर पगार लिहून हप्ता बसवणे ही चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ही फसवणूक आहे.

‘पंधरा वर्षांनी हमखास ३५ लाख, म्हणजे ६६ टक्के नफा’ असे तुम्हाला सांगितले गेले. प्रत्येक हप्ता सरासरी बारा वर्षे अडकून राहतो हे लक्षात घेतले, तर परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्याही आत येतो. पीपीएफवर, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी योजनेत, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज मिळत आले आहे. कर वाचेल हे सांगणेही पोकळ आहे, कारण पगारच नसताना उरलेल्या रकमेच्या व्याजावर तुम्हाला कर बसतच नाही.

सुदैवाने पॉलिसीचा दस्तऐवज हाती येऊन १९ दिवसच झाले आहेत. दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत कारण न देताही पॉलिसी परत करता येते आणि मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी व तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा खर्च वजा करून पैसे परत मिळतात. बँकेत तोंडी सांगू नका, तिथे ‘वर्षभर थांबा’ असेच ऐकायला मिळेल. विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. मुदत उलटून दुसरा हप्ता चुकला, तर समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर हाती येणारी रक्कम, तीन लाखांपेक्षा बरेच कमी असेल.

पैसे परत आल्यावर घरात द्यायचे महिना १५ हजार, वसतिगृह, शुल्क आणि पुस्तके मिळून दोन वर्षांचे साधारण सहा-सव्वासहा लाख होतात. सात लाख बचत खात्यात आणि छोट्या मुदतीच्या ठेवींत ठेवा. नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही संपला असणार. वयाच्या पन्नाशीआधी स्वतःची आरोग्य पॉलिसी काढणे हा या पैशांचा पहिला उपयोग आहे.

‘एम. ए. होताच कॉलेजात चाळीस हजार मिळतील’ हे गृहीत धरू नका. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि बहुधा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते. नेटला त्या पदासाठी वयाची अट नाही, म्हणून तयारी पहिल्याच वर्षापासून करा, पण तो पगार हिशेबात धरू नका.

आता तुमचा प्रश्न. वसतिगृहच घ्या. ग्रंथालय जवळ असेल, स्वयंपाकाचा वेळ वाचेल, आणि बावीस वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्या बाईला हे दोन्ही हवेच. विशीतल्या मुलींबरोबर राहणे पहिले काही आठवडे अवघड जाईल, म्हणून एकटीची खोली मिळते का ते आधी विचारा. तशी खोली नसेल आणि रात्री वाचन होईना, तर दुसऱ्या सत्रात सांताक्रूझला जा. महिन्याचे सहा हजार जास्त गेले तरी तुम्हाला ते परवडतील. अट एवढीच, की पॉलिसी परत केल्याची पोच त्याआधी तुमच्या हातात असली पाहिजे. तुमच्याकडे ११ दिवस आहेत.