फॉर्ममधून बाबांचं नाव गेलं कुठे?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे आणि त्यात सात प्रश्न आहेत. मुलगी तिथल्या इयर थर्टीनमध्ये, म्हणजे आपल्या बारावीत. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून यूकॅसचा, म्हणजे तिकडच्या विद्यापीठांच्या प्रवेशाचा, फॉर्म भरतेय. तिला आपण सई म्हणू. आई लिहितात:

"शाळेने एक बझवर्ड, म्हणजे शाळेचा परवलीचा शब्द, दिलाय, तो टाकून सगळी मुलं एकत्र बसून फॉर्म भरतात. घरी विचारलं तर म्हणते, 'झालाय अर्धा.' पुढे एक अक्षर नाही. परवा लॅपटॉप उघडा दिसला म्हणून डोकावले, तर नावाच्या रकान्यात नुसतं सई आणि आडनाव. प्रकाश गायब! विचारलं तर म्हणाली, 'आई, प्रकाश बाबा आहे, मी नाही.' ह्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं बंद आहे. पुण्याला सासऱ्यांना कळलं तर काय होईल या विचाराने झोप लागत नाही."

अहो ताई, सासऱ्यांचं नंतर बघू. आधी तुमचा कान धरते. सतरा वर्षांच्या मुलीचा लॅपटॉप उघडा दिसला म्हणून डोकावायचं नसतं. पुढच्या पानावर तुम्ही विचारलंय, "तिचा पासवर्ड मिळवून ठेवू का?" तर नाही. पण डोकावून तुम्ही जे पाहिलंत, ते मात्र नेमकं माझ्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी आहे. जुने वाचक आता हसत असतील. हसा. नावाचा रकाना हे माझं वेड आहे आणि ते मला फुकट लागलेलं नाही.

आपल्याकडे नाव म्हणजे अख्खा पत्ता असतो. कोण, कुणाची, कुठल्या घरची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव खाली वेगळ्या ओळीत. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही वडिलांच्या आधी घालायचं ठरलंय, म्हणजे पत्ता आणखी लांबला. तिकडे मधलं नाव म्हणजे आजीचं, मावशीचं किंवा आईबाबांना कधीतरी आवडलेलं एखादं. त्यातून बाप कोण ते कुणी शोधत नाही. सई तिकडे वाढली, तिला "सई प्रकाश" हे दोन माणसं शेजारी उभी केल्यासारखं वाटणारच. तिचं म्हणणं चुकीचं नाही, प्रकाशरावांना लागलं तेही चुकीचं नाही. पण फॉर्म भरताना दोघांनाही विचारायचं कारण नाही. पासपोर्ट काढायचा आणि 'गिव्हन नेम्स'पुढे काय छापलंय ते बघायचं.

तिथे "सई प्रकाश" असेल तर फॉर्ममध्ये पहिल्या आणि मधल्या नावाच्या रकान्यात दोन्ही शब्द जातील. प्रकाशरावांचा मान म्हणून नव्हे, कागद जुळायला हवा म्हणून. नुसतं "सई" असेल तर नुसतं सई, आणि मग सासऱ्यांनी आकांडतांडव केला तरी त्यात प्रकाश घुसवायचा नाही. तिला हाक कुठल्या नावाने मारलेली आवडेल, ते सांगायला फॉर्ममध्ये वेगळी जागा आहे. तिथे ती मोकळी आहे.

एवढं कशाला कीस पाडतेय, असं वाटत असेल तर आमच्या घरची गोष्ट ऐका.

आमचा धाकटा निखिल. आम्ही लीड्सला होतो तेव्हा शाळेत सगळे त्याला निक म्हणायचे. यूकॅसचा फॉर्म त्याने असाच शाळेत, मित्रांच्या घोळक्यात बसून भरला. पहिलं नाव काय टाकलं? निक. मधलं नाव कोरं. मी तेव्हा अगदी आधुनिक आई होते, त्यामुळे काही विचारलं नाही. परीक्षेला मात्र शाळेने त्याचं नाव पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या नावासकट घातलं होतं. ऑगस्टमधला तो गुरुवार. ए लेव्हलचा, म्हणजे तिकडच्या बारावीचा, निकाल. त्याच्या मित्रांना सकाळीच कॉम्प्युटरवर "जागा पक्की" दिसायला लागली. याच्या पानावर काल होतं तेच. मार्क हातात होते, हवे तेवढे होते, तरी पान ढिम्म. हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, मी फोनची वायर ताणून त्याच्या मागे उभी, आणि स्वयंपाकघरात उपम्याचा रवा करपतोय. शेवटी शाळेत परीक्षांचं काम बघणाऱ्या बाईंनी सांगितलं, "निकाल पोचलाय, पण परीक्षेला बसलेला मुलगा आणि फॉर्मवरचा मुलगा एकच आहे हे जुळत नाहीये." दुपारी दीडला जुळलं. त्या पाच तासांत आमच्या ह्यांनी एक शब्द उच्चारला नाही, आणि करपलेल्या रव्याचा वास त्या घरात मला पुढे आठवडाभर येत होता.

चूक आमचीच. परीक्षा मंडळं निकाल थेट यूकॅसकडे पाठवतात आणि तिथे तो नाव, जन्मतारीख, शाळेचा नंबर अशा गोष्टींवरून फॉर्मशी जुळवला जातो. लाखो मुलांच्या गर्दीत "निक" म्हणजे आपला निखिलच, हे कुणी ओळखायचं?

आणि माझं स्वतःचं काय सांगू! माझी दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची. पदवी माहेरच्या नावाची, पण स्पेलिंग वेगळं, कारण कॉलेजच्या कारकुनाला शेवटी आय आवडायचा आणि शाळेच्या कारकुनाला दोन ई. लग्नात सासूबाईंनी तांदळाच्या ताटात तिसरंच नाव लिहिलं. पासपोर्टवर त्या तिघींतली कुठली बाई आली हे कळायला मला पोलीस चौकशीपर्यंत थांबावं लागलं.

तर ताई, एक काम करा. रविवारी जेवणाचं टेबल पुसून घ्या. सईचा पासपोर्ट ठेवा, शेजारी तिची जीसीएसईची, म्हणजे तिकडच्या दहावीची, प्रमाणपत्रं ठेवा, आणि फॉर्म तिलाच उघडायला सांगा. कीबोर्ड तिच्या हातात, तुम्ही फक्त कागदावरचं अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचायचं. जन्मतारीखसुद्धा. तफावत सापडली तर सोमवारी शाळेला सांगायचं, म्हणजे ए लेव्हलच्या परीक्षेसाठी तरी नाव नीट जाईल. या वाचनाला प्रकाशरावांनाही बसवा. बोलणं बंद असलं तरी स्पेलिंग वाचता येतं.

सईचा जन्म पुण्याचा, असं तुम्ही ओघात लिहिलंय, म्हणून आणखी एक. तिचा जन्मदाखला कुठे आहे, आणि त्यावर तिचं नाव आहे का, हेही बघून घ्या. आपल्याकडे दवाखाना नोंद आधी पाठवतो, बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे कित्येकांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहते. माझ्या पुतणीचा दाखला असाच निघाला, तेही तिला तातडीने लागला तेव्हा. कोथरूडहून मी महापालिकेत चार खेपा घातल्या आणि कर्वे रोडवरच्या झेरॉक्सवाल्याशी माझी घरोब्याची ओळख झाली. फॉर्मला हा दाखला लागणार नाही, पण नंतर कधीतरी लागतोच.

फॉर्म हातातून गेला असेल ही भीती मात्र काढून टाका. सईने पैसे भरून पाठवा असं दाबलं तरी तो लगेच विद्यापीठांकडे जात नाही, आधी शाळेकडे जातो. तिथे शिक्षक शिफारस लिहितात, अपेक्षित ग्रेड घालतात, मगच तो पुढे सरकतो. तोवर दुरुस्तीसाठी शाळा तो परत पाठवू शकते. म्हणून तर यूकॅसच्या जानेवारीतल्या शेवटच्या तारखेवर विसंबू नका. शाळेची स्वतःची तारीख बरीच आधी असते, तीच खरी.

आता उरलेलं भरभर.

पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहायचं ते, "ह्यांच्या ऑफिसातल्या एकाकडून तपासून घेऊ का?" असं विचारलंय. वाचायला द्या, लिहायला देऊ नका. २०२६च्या प्रवेशापासून तिथे एक सलग निबंध नाही, तीन प्रश्न असतात. मिळून ४,००० अक्षरं, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. कुणाचं उचललेलं असेल तर जुन्या अर्जांशी ताडून बघायची सोय यूकॅसकडे आहे.

ईमेल बाबांचा दिलाय म्हणता. बदला. शाळेचाही नको, शाळा सुटली की तो बंद पडतो. तिचा स्वतःचा द्या, आणि त्यात "क्यूटसई" वगैरे असेल तर नवीन उघडा. तिच्या वतीने यूकॅसशी बोलायला एका माणसाचं नाव देता येतं. तिथे तिला तुमचं द्यायचं असेल तर देऊ दे. (तुमचंही स्पेलिंग बघा.)

फॉर्ममध्ये कोर्ससाठीच्या पाचही जागा भरायच्याच का? नाही, पाचपर्यंत. सईच्या केमिकल इंजिनिअरिंगला १५ ऑक्टोबरच्या तारखेची घाई नाही. ती मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरी आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजवाल्यांना.

मराठी येते हे कुठे लिहायचं, हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू सगळ्यांची जीसीएसई आहे, आपली नाही. तेव्हा शिक्षणाच्या रकान्यात ती जाणार नाही. शनिवारच्या मराठी शाळेत ती लहानांना शिकवते ना? मग स्टेटमेंटच्या तिसऱ्या प्रश्नात, शाळेबाहेर काय केलं त्यात, दोन ओळी लिहू दे.

सासऱ्यांना सीओईपीचा फॉर्मही भरायचाय. त्यांना म्हणावं, आधी सईला विचारा. फोन तिनेच करावा, तुम्ही मध्ये पडू नका. प्रकाश हे नाव त्यांनीच ठेवलेलं, त्यामुळे ते थोडे फुरंगटतील. बाकरवडी पाठवायची बंद करणार नाहीत.

आणि शेवटचं. दिवाळीला हाफ टर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, पुण्याला यावं का, की फॉर्मच्या धांदलीत राहू दे? या की! मंडईतून आकाशकंदील घेऊन ठेवते. सईचं विमानाचं तिकीट तेवढं कुठल्या नावाने काढलंय, ते बघून कळवा.