लेखनशंका : माहिती भरपूर, पण म्हणणं काय?

प्रश्न : मी नववीत आहे. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर मी निबंध लिहिला. बाईंनी शेरा दिला, ‘माहिती भरपूर, पण तुझं म्हणणं काय? मध्यवर्ती विधान दिसत नाही.’ पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘विज्ञानाचे फायदे आहेत तसेच तोटेही आहेत. या निबंधात आपण दोन्हींचा विचार करू.’ हे विधान नाही का? निबंध सोबत पाठवते आहे.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझा निबंध नीट वाचला. बाईंचं म्हणणं मला पटलं, पण म्हणून निबंध टाकाऊ आहे असं मनात आणू नकोस. त्यात चांगला ऐवज आहे, फक्त तो कशासाठी गोळा केला हे तू अजून ठरवलेलं नाहीस.

‘फायदे आहेत तसेच तोटेही आहेत’ हे वाक्य कोणत्याही विषयाला चालेल. खेळ, प्रवास, मोबाइल, काहीही घे. शिवाय ते वाचून कुणीही ‘छे, मला नाही पटत’ असं म्हणणार नाही. जे सगळ्यांना आधीच मान्य आहे, ते पटवून द्यायला पानं कशाला खर्ची घालायची? ‘आपण दोन्हींचा विचार करू’ ही तर नुसती सूचना झाली. विचार करून तू कुठे पोहोचलीस, हे वाचणाऱ्याला हवं असतं.

आता तुझाच तिसरा परिच्छेद बघ. ‘फ्रिजमधल्या वायूंमुळे ओझोनचा थर विरळ झाला, हा विज्ञानाचा तोटा आहे,’ एवढं म्हणून तू लगेच अणुबॉम्बकडे वळलीस. मी तुझ्या जागी असते तर इथेच थांबले असते. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत आणि गळती झाली तर जिवावर बेतायचं. त्यावर उपाय म्हणून १९२८ च्या सुमारास क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, पुढे आले. ते विषारी नव्हते, पेटही घेत नव्हते. सगळ्यांना ते वरदानच वाटलं. मग १९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हे वायू वर वातावरणात गेले की अतिनील किरणांनी त्यांचे रेणू फुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर किती विरळ झाला आहे, ते जगापुढे आलं. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि देशांनी हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले.

एवढं समोर ठेवून स्वतःला विचार : मग सीएफसी शाप की वरदान? उत्तर पटकन देता येत नाही ना? जिथे उत्तर अडतं, तिथेच विधान सापडण्याची शक्यता असते.

पहिला प्रयत्न म्हणून ‘ओझोनची हानी ही गंभीर समस्या आहे’ असं सुचेल. हा फक्त विषय झाला. दुसरं सुचेल, ‘सीएफसीमुळे ओझोनची हानी झाली.’ ही वस्तुस्थिती आहे, त्यावर वाद उरलेला नाही, एका ओळीत संपते. आता हे वाच : ‘एखादा शोध शाप ठरणार की वरदान, हे तो लागला त्या दिवशी ठरत नाही, त्याचे दोष कळल्यावर माणसं काय करतात, त्यावर ते ठरतं.’ इथे तू एक बाजू घेतलीस. कुणी म्हणेल, ‘पटत नाही, सिद्ध करून दाखव.’ निबंधाचं काम तिथून सुरू होतं.

आणि पटत नाही म्हणणारा असतोच. तुझ्याच चौथ्या परिच्छेदातला अणुबॉम्ब तो आक्षेप घेतो. १९४५ मध्ये हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचा विध्वंस नंतर ध्यानात आला असं थोडंच आहे! विध्वंसासाठीच तो बनवला होता. आता काय करायचं? बरीच मुलं अशा वेळी अडचणीचा मुद्दा गुपचूप गाळतात, किंवा विधान इतकं मोघम करतात की त्यात काहीही बसावं. तू विधान आणखी आवळ : ‘माणसाच्या सोयीसाठी लावलेला शोध शाप ठरणार की वरदान, हे त्याचे दोष कळल्यावर माणसं काय करतात, त्यावर ठरतं.’ शस्त्रांचा प्रश्न वेगळा आहे, हे एका वाक्यात सांगून मोकळी हो. विधान जितकं नेमकं, तितकं ते पेलायला सोपं जातं. मला तर सगळ्यात मोठी मेहनत या आवळण्यातच वाटते.

आता उरलेल्या निबंधाकडे या विधानाच्या नजरेने बघ. पेनिसिलिनने असंख्य जीव वाचवले, असं तू फायद्यांत लिहिलं आहेस. त्याचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच सावध केलं होतं, की औषध अपुऱ्या मात्रेत घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. तरीही प्रतिजैविकांचा बेसुमार वापर होत राहिला आणि औषधांना न जुमानणारे जंतू आज डॉक्टरांपुढचं मोठं संकट आहे. म्हणजे एका ठिकाणी दोष कळल्यावर जग हललं, दुसऱ्या ठिकाणी इशारा मिळूनही ढिलाई झाली. ही दोन उदाहरणं समोरासमोर ठेवलीस तर तुझ्या म्हणण्याला दोन्हीकडून बळ मिळतं. संगणक, अंतराळयान आणि टीव्हीची यादी मात्र काढून टाक. जीवावर येईल, पण विधानाला त्यांचा काही उपयोग नाही.

हे वाक्य पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी घाल, म्हणजे वाचणाऱ्याला पुढची वाट कळते. ‘मला असं वाटतं की’ जोडू नकोस. निबंध तुझा आहे, तेव्हा वाटतंय ते तुलाच. घरी लिहिताना आधी कच्चा निबंध लिहून टाक आणि विधान नंतर शोध. माझ्या अनुभवात ते बहुतेकदा कच्च्या निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात लपलेलं सापडतं, कारण तिथवर येईपर्यंत लिहिणाऱ्याचा विचार झालेला असतो. ते उचलून वर आण आणि मधला मजकूर त्याप्रमाणे बदल. परीक्षेत इतका वेळ नसतो. तेव्हा कच्च्या कामाच्या जागेत विषयाचा प्रश्न कर, त्याला एका ओळीत उत्तर दे, पुढे ‘कारण’ लिही आणि दोन कारणं मांड. कारणं सुचली नाहीत तर उत्तर बदल, आणि मगच निबंधाला हात घाल.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ अशा निबंधांतही पहिल्या परिच्छेदात असं विधान लिहायला सांगावं का?
– एक पालक

उत्तर : नको. वैचारिक निबंधात बाजू मांडायची असते, म्हणून तिथे विधान लागतं. आत्मवृत्तात नदीने पहिल्याच परिच्छेदात मत जाहीर केलं तर गोष्टीतली गंमत जाते. फक्त लिहायच्या आधी त्याला एवढं विचारा : ही नदी आनंदी आहे, रागावली आहे की थकली आहे? तो जे उत्तर देईल, ते निबंधात सरळ लिहायचं नाही, पण प्रत्येक प्रसंग निवडताना लक्षात ठेवायचं. थकलेली नदी उगमाबद्दल जे बोलेल, ते रागावलेल्या नदीपेक्षा वेगळं असेल, आणि हा फरक सातवीतल्या मुलाला चांगला कळतो.