ताबा मुलाचा, मार आईला : वाचकांचे प्रश्न

साताऱ्यात वकिली करताना दर आठवड्याला हेच प्रश्न येतात. म्हणून एकत्र उत्तरं देते.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ताबा आईलाच ना? (वाई)
पाच वर्षांखालचं मूल 'सामान्यतः' आईकडे, असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. 'सामान्यतः' म्हणजे नेहमीच नव्हे.

सासर कराडला, मी माहेरी तासगावला. अर्ज कुठे करू?
घरगुती हिंसाचार कायद्याखालचा अर्ज तासगावलाच चालेल. तात्पुरता ताबाही त्यातच मागता येतो, त्याच कायद्याचं कलम २१. कायम ताब्याचा दावा मात्र मूल एरवी जिथे राहतं तिथे. तो कुठे, हे कागद दाखवून वकिलाकडून ठरवा.

नवरा मला मारतो, पण मुलाला बोट लावत नाही. नणंद म्हणते, कोर्ट त्याला चांगला बापच मानणार. (मिरज)
नणंदेचं ऐकून गप्प बसू नका. न्यायालय मुलाचं हित बघतं आणि आईचा मार मुलाच्या अंगावर नसला तरी त्याच्या झोपेत असतो. आईसोबत माझ्या ऑफिसात आलेला एक सहा वर्षांचा मुलगा दप्तर मांडीवरून खाली ठेवेना. न विचारताच म्हणाला, "पप्पांची गाडी वाजली की मी दप्तर घेऊन न्हाणीत जातो." त्याला कधीच कुणी मारलं नव्हतं.

आणि त्याच्या आईच्या अर्जात काय होतं? 'मारहाण केली' एवढंच, मुलाचा उल्लेखच नाही. मग न्यायाधीशांना ते कळणार कसं? तारीख लिहा, मूल तेव्हा कुठे होतं ते लिहा. सिव्हिलचा केसपेपर, पोलिसांतली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) जोडा, याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल नोंदवा. भेटीतून मुलाला अपाय होईल असं वाटलं, तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतात. फक्त मुलाला पढवू नका. पढवलेलं बोलणं लगेच ओळखू येतं आणि त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते.

फोनवरच्या शिव्यांचं रेकॉर्डिंग चालतं का? (फलटण)
नवरा-बायकोच्या दाव्यात चोरून केलेलं रेकॉर्डिंगही पुराव्यात घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मूळ फोन जपून ठेवा, काटछाट करू नका.

बायकोने खोटी केस केली. आता मूल गेलंच का? (कोरेगाव)
नुसत्या आरोपावर जात नाही. भेटीसाठी रीतसर अर्ज करा. शाळेच्या फाटकातून मूल उचललंत तर स्वतःचंच नुकसान कराल.

एक जण चाळीस हजारांत महिन्यात ताबा मिळवून देतो म्हणतोय. घरचे म्हणतात, दिवाळीनंतर बघू. (इस्लामपूर)
पैसे देऊ नका. अशी हमी कुणालाच देता येत नाही. हिंसाचाराचा अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदाच म्हणतो, तरी वेळ लागतो. म्हणून दिवाळीची वाट नको. तालुका विधी सेवा समितीत बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. उद्याच जा, केसपेपर बरोबर घेऊन. आज रात्री भीती वाटली, तर ११२ लावा.